ताटातली रंगपंचमी, व्हाया हिंगोली

सध्या कुठल्याही बर्थडे पार्टीला जा, टेबलावर इंद्रधनुष्य उतरलेलं असतं. सात थरांचा केक, निळं आयसिंग, गुलाबी पास्ता, हिरवीगार इडली! पोरं खूश, फोटो मस्त, आई-बाबा निवांत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराची जीभ अजून निळीच दिसते, तेव्हा मात्र जरा टेन्शन येतं. काल याने नक्की खाल्लं काय?

मंडळी, तुम्हाला घाबरवायचा अजिबात इरादा नाही. उलट आज सांगायचंय ते हे, की रंगीत खायची हौस घरच्या घरी भागवता येते, आणि तीही एकदम झकास. फ्रिजमधलं बीट, भाजीवाल्याकडचा पालक, कुंपणावर चढलेली गोकर्ण आणि मसाल्याच्या डब्यातली हळद, एवढ्या भांडवलावर अख्ख्या फॅमिलीचा संडे लंच रंगीत होतो. अटी फक्त दोन. पहिली सोपी आहे: या रंगांचे स्वभाव ओळखायला लागतात. दुसरी जरा अवघड आहे: आपल्या डोळ्यांची सवय बदलायला लागते. ती का, हे कळण्यासाठी आधी माझ्याबरोबर हिंगोलीला चला.

पिवळ्या रंगाचं हेडक्वार्टर

हिंगोलीचं नाव काढलं की पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींचा चेहरा कोरा होतो. "ते नक्की कुठे आलं गं?" तर, मराठवाड्यात. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा छोटासा जिल्हा. औंढा नागनाथाचं मंदिर इथलं, संत नामदेवांचं नर्सी इथलं. आणि तुमच्या डब्यातली हळद इथली असण्याची शक्यता बऱ्यापैकी दाट आहे. हळदीच्या लागवडीत हिंगोली महाराष्ट्रात आघाडीवर आहे. सीझनला हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात आणि वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या गाड्यांची रांग लागते. 'वसमत हळद' या नावाला २०२४ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी वर्ध्याकडच्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये ते मिळालं होतं. थोडक्यात काय, पिवळ्या रंगाच्या बाबतीत आपला महाराष्ट्र एकदम दादा आहे.

माझी मावशी वसमत तालुक्यातली. तिच्या शेतात दरवर्षी दोन-अडीच एकर हळद असते, जात बहुतेक सेलम. मे-जूनमध्ये लावायची आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान काढायची. आठ-नऊ महिने, म्हणजे चक्क बाळंतपणाचा हिशोब! बरं, जमिनीतून निघाली की सुटलो, असंही नाही. आधी ती शिजवायची. पूर्वी मोठ्या कढईत शिजायची, आता बऱ्याच ठिकाणी वाफेचे कुकर आलेत. शिजवल्यामुळे रंग कांडीभर सारखा पसरतो आणि हळद लवकर वाळते. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, आणि मग ढोलात घालून फिरवायची, म्हणजे वरची खरबरीत साल निघून जाते. त्याला म्हणतात पॉलिश. एवढं सगळं करून पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम किलोभर वाळकी हळद हातात येते.

एका मार्चमध्ये मी मावशीकडे होते. खळ्यावर हळद पसरलेली. दुपारी अचानक आभाळ भरून आलं आणि घरातली सगळी माणसं ताडपत्र्या घेऊन धावली. मीही धावले. अर्धी हळद झाकली गेली, अर्धी भिजली. अवकाळी पाऊस वीस मिनिटं पडला आणि गेला. मी आपली शहरी समजूत काढत म्हटलं, "परत वाळेल की गं मावशी."

"वाळंल की," ती म्हणाली. "पर रंग जाईल ना माय. मोंढ्यात रंग बघून भाव करतेत."

तसंच झालं. काकांनी मोंढ्यात दोन वेगळे ढीग लावले. शेत एक, बेणं एक, कष्ट तेच. पण मळकट दिसणाऱ्या ढिगाला भाव पडून मिळाला. व्यापाऱ्याला तरी काय बोलणार? त्याला पुढे मसालेवाल्याला माल द्यायचा असतो, मसालेवाल्याला दुकानदाराला, आणि दुकानात दोन पाकिटं शेजारी ठेवून जास्त पिवळं दिसणारं उचलणारे शेवटी आपणच असतो. आठ महिन्यांच्या पिकाचा निकाल आपल्या एका नजरेवर!

जास्त पिवळी म्हणजे जास्त भारी?

या नजरेची किंमत किती मोठी असू शकते, ते बांगलादेशात दिसलं. तिथे १९८० च्या दशकात मोठा पूर आला. हळद भिजली, रंगाने फिकी पडली. गिऱ्हाइकाला मात्र नेहमीसारखी पिवळीधमक हळदच हवी होती. मग काही प्रक्रिया करणाऱ्यांनी पॉलिश करताना त्यात लेड क्रोमेट टाकायला सुरुवात केली. हा पेंटमध्ये वापरला जाणारा पिवळा रंग. त्यातलं लेड म्हणजे शिसं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते बाधतं, आणि त्याची 'एवढं चालतं' अशी कुठलीही सुरक्षित पातळी सापडलेली नाही. पूर ओसरला, पण ही सवय मात्र पुढे कित्येक वर्षं टिकली.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि ढाक्याच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे प्रकरण पुराव्यानिशी समोर आणलं. मग तिथल्या यंत्रणा हलल्या. बाजारात धाडी पडल्या, दंड झाले, जाहिराती झाल्या. २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत लेड क्रोमेट होतं, २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं. गोष्टीचा शेवट गोड झाला. पण सुरुवात बघा ना, एका भिजलेल्या पिकापासून आणि 'पिवळीधमकच पाहिजे' या हट्टापासून! मावशीच्या खळ्यावरही भिजली होती ती हळदच. फरक एवढाच, की काकांनी कमी भाव घेतला आणि घरी आले.

आपल्याकडे हळदीत लेड क्रोमेट किंवा मेटॅनिल यलो मिसळण्याचे प्रकार होतात, म्हणूनच एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा संस्थेने घरी करता येतील अशा सोप्या चाचण्या दिल्या आहेत. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात चमचाभर हळद टाका आणि ढवळू नका. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं दिसतं. पाणी भडक पिवळं झालं तर दाल में कुछ काला है! अख्खं हळकुंड पाण्यात टाकलं आणि लगेच रंग सुटायला लागला, तर वरून रंग चढवलाय असं समजा. चाचणी ढोबळ आहे, पक्का निकाल लॅबमध्येच लागतो. पण संशयाला एवढी पुरेशी आहे.

चार रंग, चार स्वभाव

चला, आता किचनमध्ये शिरूया. अॅप्रन घाला, कारण डाग पडणार आहेत.

पिवळा, तुपाचा जिगरी दोस्त. हळदीतल्या रंगाचं नाव करक्युमिन. त्याचं पाण्याशी फारसं जमत नाही, तूप-तेलाशी मात्र गट्टी. म्हणून हळद नुसती पाण्यात कालवून भातावर ओतली तर कुठे गडद, कुठे पांढरा असा नकाशा तयार होतो. त्याऐवजी मोठा चमचाभर तूप गरम करा, गॅस बंद करा, त्यात पाव चमचा हळद घाला आणि हे तूप दोन वाट्या मोकळ्या भातात हलक्या हाताने मिसळा. शीत न् शीत पिवळं! गॅस बंद करायला विसरू नका, हळद पटकन करपते. गोड पदार्थात चिमटीच्या वर जाऊ नका, नाहीतर शिऱ्याला फोडणीचा वास येईल.

हळदीची एक जादू पोरांना जरूर दाखवा. हळदीच्या पाण्यात खायचा सोडा टाकला की ती लाल होते. लिंबू पिळलं की परत पिवळी! ढोकळ्यावर कधीकधी लाल ठिपके उठतात ना, ते यामुळेच. सोडा नीट मिसळला गेला नाही की जिथे तो साठला तिथे हळद लाजते. पारंपरिक कुंकू हळदीपासूनच बनायचं, त्याचंही गुपित हेच. केशरी रंग हवा असेल तर गाजराचा बारीक कीस तुपात मंद आचेवर परता. गाजरातला रंगही हळदीसारखा तुपातच खुलतो.

गुलाबी, उन्हाला न सोसणारा. बीट किसा आणि पंचातून घट्ट पिळा, पाणी घालू नका. एका मध्यम बिटाचा तीन-चार मोठे चमचे रस सहज निघतो. हा रंग पाण्यात मस्त विरघळतो, पण जास्त आच लागली की बिचारा मावळतो. बिटाची पोळी तव्यावर जाईपर्यंत गुलाबी असते आणि उतरेपर्यंत तपकिरीकडे झुकते, ती त्यामुळेच. म्हणून बिटाचा रस थंड पदार्थांसाठी राखून ठेवा: दही, कोशिंबीर, श्रीखंड, केकवरचं क्रीम. रसात लिंबाचे दोन-चार थेंब टाकले की रंग जास्त टिकतो. आणि हो, दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये गुलाबी काही दिसलं तर डॉक्टरांना फोन करण्याआधी काल बीट खाल्लं होतं का, ते आठवा. काही जणांच्या बाबतीत तसं होतं, आणि त्यात काळजीचं काही नसतं.

हिरवा, आंबटाशी उभा दावा. पालक उकळत्या पाण्यात एक मिनिट ठेवा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, मग पिळून वाटा. एवढ्याने रंग पोपटासारखा राहतो. हा रंग बिघडवतात दोन गोष्टी: जास्त वेळ आच आणि आंबटपणा. दोन्ही एकत्र आले की हिरव्याची थेट मेंदी होते. म्हणून पालकाची पुरी छान हिरवी येते, कारण ती मिनिटभरात तळून निघते आणि त्यात आंबट काही नसतं. इडलीचं आंबवलेलं पीठ रंगवायचं असेल तर वाटलेला पालक अगदी वाफवायच्या आधी मिसळा, आणि तिरंगी इडलीतला हिरवा थोडा उतरलेला असणार हे मनाशी धरूनच चला.

निळा, सगळ्यात नखरेल. शंकराला वाहतात ती निळी गोकर्ण ओळखता ना? दहा-बारा फुलं घ्या, हिरवा देठ काढा, अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. पाणी असं निळंशार होतं की पोरांचा विश्वास बसत नाही. भात शिजवताना हेच पाणी वापरायचं. मलेशियात 'नासी केराबू' नावाचा निळा भात याच फुलांनी रंगवतात, आणि अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये या फुलाच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मंजुरी दिली. त्यावर लिंबू पिळलं की निळ्याचा जांभळा होतो. फुलं मात्र घरची किंवा ओळखीच्या अंगणातली, बिनफवारणीची. हार-फुलांच्या दुकानातली नकोत. आणि हौशीपुरतीच वापरा, रोज कपभर काढा पिण्यासाठी नाही.

एक सूचना. फाल्गुनात मराठवाड्यात पळस पेटलेला असतो. त्याच्या फुलांचा केशरी रंग रंगपंचमीला अंगावर झकास, पण ताटात नको. प्रत्येक फूल खायचं नसतं.

"आत्या, हा ब्लू फिका आहे!"

थिअरी पुरे, आता प्रॅक्टिकल. मागच्या रविवारी दादा-वहिनी आणि माझा आठ वर्षांचा भाचा जेवायला आले. मेनू असा: गोकर्णीचा निळा भात, पालकाची पुरी, हळदीची बटाट्याची भाजी, बिटाचं गुलाबी दही आणि गाजराची कोशिंबीर. वहिनीने फोटो काढला. दादाने "हे खायचं की फ्रेम करायचं?" असा नेहमीचा पीजे मारला. आणि भाच्याने ताटाकडे बघून निकाल जाहीर केला, "आत्या, हा ब्लू फिका आहे. पार्टीतला डार्क असतो."

मोंढ्यातला व्यापारी तरी याहून वेगळं काय म्हणाला होता?

मी काही लेक्चर दिलं नाही. त्याच्या हातात लिंबाची फोड दिली. त्याने भातावर पिळली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत निळ्या भातात जांभळं तळं पसरलं. मग दुसरी फोड, तिसरी फोड. दह्यात भाताचा घास बुडवून बघितला. पुरीवर लिंबू पिळून काय होतं ते बघितलं. शेवटी भात इतका आंबट झाला की दादाने तोंड वाकडं केलं, पण पोराचं ताट रिकामं झालं. फिक्या रंगाची तक्रार परत आली नाही. पार्टीतल्या डार्क ब्लूवर लिंबू पिळलं असतं, तर तो जाम कंटाळला असता. तो रंग ढिम्म हलत नाही, कारण त्याला बनवलंच तसं आहे: तापवा, पिळा, आठवडाभर शोकेसमध्ये ठेवा, तो तसाच.

आता कुणी म्हणेल, मग बाटलीतले रंग म्हणजे विष का? तसं सरसकट म्हणणं चुकीचं ठरेल. आपल्या अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी आठ कृत्रिम रंगांना परवानगी दिली, तीही ठराविक पदार्थांत आणि ठराविक मर्यादेत. भानगड होते ती मर्यादा ओलांडल्यावर, किंवा रंगच परवानगी नसलेला असल्यावर. २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूने बुढ्ढी के बाल, म्हणजे आपली कॉटन कँडी बंद केली, कारण त्यात कापड रंगवायचं रोडामाइन बी सापडलं. मार्चमध्ये कर्नाटकानेही पाठोपाठ कारवाई केली, आणि गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर तिथे बंदी आली. परवानगी असलेल्या रंगांबाबतही २००७ मध्ये ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात काही मुलांचा चंचलपणा वाढलेला दिसला. त्यानंतर जुलै २०१० पासून युरोपात सहा रंगांच्या पाकिटांवर तसा इशारा छापावा लागतो.

आणि 'नॅचरल' शब्दाच्याही फार प्रेमात पडू नका, बॉस! लेड क्रोमेट मिसळलं गेलं ते अस्सल, नैसर्गिक हळदीतच. घोळ झाला तो भडक रंगाच्या मागणीमुळे. म्हणून मला वाटतं, घरी रंग बनवण्याचा खरा फायदा पोरांच्या डोळ्यांना होतो. बीट किती गुलाबी असतं, पालक किती हिरवा असतो, कुठला रंग कशाने उतरतो, हे ज्या पोराने स्वतःच्या ताटात बघितलंय, ते मोठं झाल्यावर दुकानात नुसत्या भडकपणाला भुलणार नाही. आणि असं गिऱ्हाईक वाढलं, तर वीस मिनिटांच्या पावसाने मावशीच्या हळदीचा भाव एवढा तरी पडणार नाही.

जाता जाता

हळद घेताना शक्यतो हळकुंडं घ्या. मार्चनंतर नवा माल बाजारात येतो, तेव्हा वर्षाची घेऊन ठेवता येते. कडक वाळलेलं हळकुंड टणकन मोडतं आणि आतून पिवळा-केशरी रंग दिसतो. वरून फार चकचकीत दिसलं तर दोन प्रश्न जास्त विचारा. घरच्या मिक्सरला त्रास देऊ नका, मसाले कांडून देणाऱ्याकडून दळून आणा. दळलेली हळद काचेच्या बरणीत खिडकीत मांडू नका, उजेडाने तिचा रंग उडतो. स्टीलच्या डब्यात, अंधारात ठेवा. मी एकदा मावशीला विचारलं होतं की चांगली हळद ओळखायची कशी. ती म्हणाली, "रंगाकडं काय बघायलीस? वास घेऊन बघ की." तिची टीप मी तुम्हाला फुकटात देतेय.

आणि संडे लंचला पांढऱ्या टेबलक्लॉथवर भाजी सांडलीच, तर साबण लावल्यावर डाग लालभडक झाला म्हणून किंचाळू नका. सोड्याची तीच जादू आहे, साबणही त्याच जातीचा. धुवा, पिळा आणि ओला कपडा कडक उन्हात टाका. हळदीला उजेड सोसत नाही, हे आता तुम्हाला माहितीच आहे. एक-दोन दिवसांत डाग स्वतःहून फिका होईल. तोवर पुढच्या रविवारचा मेनू ठरवून टाका!